अर्जुना तेलवाला आणि नवसाची नाव

म्हसवडच्या पूर्वेला, माळावर, धनगरांची पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. तिथल्या माणसाला पाणी म्हणजे प्यायचे, मेंढरांना पाजायचे आणि उरलेच तर सणासुदीला अंगावर घ्यायचे, एवढेच ठाऊक. कोसभरावर दुष्काळी कामात बांधलेला मोठा तलाव होता, पण त्याच्या काठावर उभे राहण्यापलीकडे वस्तीतल्या कुणी त्याच्याशी सलगी केली नव्हती. पोहता एकालाही येत नसे. अशा वस्तीतला अर्जुना लढाईच्या दिवसांत आगबोटीवर नोकरीला होता, हे सांगितले तर माणूस आधी हसतो. हसू द्यावे. खुद्द अर्जुनाही पहिले सहा महिने हसतच होता.

झाले ते असे. बेचाळीस साली भरतीच्या साहेबाने विचारले, काय येते? अर्जुनाने खरे ते सांगितले, मेंढरे राखतो. साहेबाने त्याला नदीवरच्या बोटींच्या पलटणीत घातले. मेंढरांचा आणि बोटीचा संबंध साहेबालाच माहीत. तिथून रेल्वेने मुंबई, मुंबईहून जहाजाने बसरा, आणि बसऱ्याला एका मालवाहू बोटीच्या पोटात अर्जुनाची नेमणूक झाली. हुद्दा, तेलवाला.

तेलवाल्याचे काम सांगायला सोपे आणि करायला वाईट. बोटीचे इंजिन असते मध्यावर, पोटात. बोटीला पुढे ढकलणारा पंखा असतो मागे, पाण्याखाली. या दोघांना जोडणारा एक लोखंडी दांडा असतो, चार बैल एकामागे एक उभे करावेत एवढा लांब. तो बोटीच्या तळातल्या बोगद्यातून मागे जातो आणि शेवटी बोटीला भोक पाडून पाण्यात उतरतो. तो दांडा फिरता राहावा आणि त्या भोकातून नदी आत येऊ नये, म्हणून तेल आणि वंगण घालत राहायचे. अर्जुना कुशीवर सरपटत बोगद्यात शिरायचा, वंगणाच्या वाट्यांची झाकणे पिळून वंगण आत दाबायचा, दांडा तापला का ते हाताने बघायचा आणि उलटा सरपटत बाहेर यायचा. चार वर्षे त्याने हेच केले. वरच्या लोकांनी खजुराची बने पाहिली, बगदादचे पूल पाहिले. अर्जुनाने दांडा पाहिला.

घरी आई एकटी होती, धोंडुबाई. नवरा लवकर गेला, अर्जुना एकुलता एक. अर्जुनाने एका कारकुनाकडून लिहून घेतलेले पत्र शाळेतल्या मास्तरांनी तिला वाचून दाखवले. त्यात होते, की आमची नाव वल्ही मारून चालत नाही, शिडानेही चालत नाही. आतल्या आत फिरते आणि आपोआप पुढे जाते. धोंडुबाईने ते पत्र तीनदा वाचून घेतले. मग ती उठली, म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात गेली आणि पुजाऱ्यासमोर, चार माणसांच्या देखत बोलली.

"देवा, माजा अर्जुना पान्यावर ग्येलाय. त्याला सुखरूप घरी आन. मी तुला चालती नाव वाहीन. कुनी ढकलायची न्हाई, कुनी वल्हवायची न्हाई. आपली आपुन जाईल आन् आपली आपुन माघारी ईल. तवर पायात वहान घालायची न्हाई."

लोक नवसाला पाळणा बोलतात, घोडा बोलतात, फार तर चांदीचे डोळे. चालती नाव आजवर कुणी बोलले नव्हते. पुजाऱ्याने म्हणे नवस पुन्हा एकदा वदवून घेतला.

सेहेचाळीसच्या भादव्यात अर्जुना सुटून आला. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, अंगात खाकी सदरा. वस्तीने त्याला वाजतगाजत घरी नेले आणि पहिल्याच दिवशी 'कप्तान' म्हणायला सुरुवात केली. अर्जुनानेही नाही म्हटले नाही. फुकटचा मान कुणाला जड होतो? पण आई समोर आली आणि त्याची नजर तिच्या पायांवर गेली. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. अंगठ्याला काटा मोडलेला.

"आये, वहान कुठं हाय तुजी?"

धोंडुबाईने नवस सांगितला. अर्जुनाने ट्रंक उघडून मुंबईहून आणलेल्या चामडी वहाणा काढल्या, तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या बघितल्या, वास घेतला आणि देवाच्या कोनाड्याखाली नीट ठेवून दिल्या.

"नाव झाली की घालीन."

"आये, असली नाव सरकारकडं असतीया. आपुन कुठनं आनायची?"

"मग तू सरकारातच हुतास की रं," धोंडुबाई म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

अर्जुनाचे चुलते बिराप्पा हे वस्तीतले समजूतदार माणूस, म्हणजे प्रत्येक अडचणीतून पळवाट काढणारे. त्यांनी सुचवले, "वैनी, सोनाराकडनं चांदीच्या पत्र्याची नाव करू. देवाला काय, नाव ती नाव."

"ती चालंल का?"

"आता चांदीची नाव कशी चालंल?"

"मग न्हाई. देवानं माज्या पोराला खरंच माघारी आनला. मी त्याला खोटी नाव देऊ व्हय, भावजी?"

यावर बिराप्पांनी पागोटे काढून डोके खाजवले. त्यांच्याकडे दुसरी पळवाट लगेच तयार नव्हती.

दर संध्याकाळी अर्जुना आईचे पाय मांडीवर घेऊन सुईने काटे काढायचा. बाभळीचे, बोरीचे, सराट्याचे. माळावर माणूस अनवाणी चालूच शकत नाही, आणि ही बाई तीन-साडेतीन वर्षे चालत होती. काटा निघाला की ती 'स्स' करायची आणि वर हसायची. अर्जुनाला मात्र रडू यायचे. सिद्धनाथाच्या यात्रेला अडीच-तीन महिने होते. नवस यात्रेत फेडायचा असतो. यात्रा हुकली की आणखी एक वर्ष हे पाय असेच. त्याने ठरवले, की नाव करायची. त्याला बोट बांधता येत नव्हती, हाकता येत नव्हती, पोहतासुद्धा येत नव्हते. पण एक दांडा फिरता ठेवायचे त्याला माहीत होते. बाकीचे मागून आणू.

लाकूड मिळाले पांगाऱ्याचे, हलके. कोरायला बिराप्पाच बसले, कारण काथवट कोरावी तर बिराप्पांनी, अशी त्यांची दहा गावांत कीर्ती. चार दिवसांत त्यांनी दोन हात लांबीची नाव कोरून पुढ्यात ठेवली. ती हुबेहूब काथवटीसारखी होती. पाच माणसांच्या भाकरीचे पीठ तीत आरामात मळले गेले असते. अर्जुनाने पुढचे टोक तासून निमुळते केले, तेव्हा कुठे ती पाण्यात जायच्या लायकीची दिसू लागली.

आता इंजिन. त्यासाठी अर्जुना मोटारीत बसून आष्ट्याला गेला. तिथे त्याचा दोस्त आकाराम राहत होता. आकाराम अर्जुनाच्याच बोटीवर खलाशी होता, कृष्णाकाठचा ऊसवाला, पाण्यात मगरीसारखा राहणारा. सुटताना त्याने मुंबईत जुना ग्रामोफोन घेतला होता. गावात आणल्यावर आठच दिवसांत त्यांच्या म्हशीने भोंग्यात तोंड घातले, ते निघेना, आणि म्हशीने घाबरून भोंग्यासकट गोठ्याची भिंत गाठली. तेव्हापासून ग्रामोफोन मुका होता.

अर्जुनाने सगळी हकिकत सांगितली. आकाराम मांड्या थोपटून हसला.

"म्हंजी तू तितं कप्तान? आरं, तुला चार वर्सांत नदी तरी दिसली का?"

"गड्या, तेवढं वस्तीत बोलू नगंस."

"न्हाई बोलत. पर मावशीचं पाय म्हनतोस, मग घिऊन जा ह्यो डबा. गानं ग्येलं, पर कमान शाबूत हाय. चावी दिली की भिंगरीगत फिरतीया." आणि मग त्याने अट घातली. "नाव सोडशील तवा मला सांगावा धाड. कप्तानाची बोट बगायला म्या येनार."

ग्रामोफोनच्या पोटातली कमान आणि दाते असलेली चाके नावेच्या मध्यावर बसली. सगळ्यात जोरात फिरणाऱ्या चाकाला अर्जुनाने सायकलची एक तार जोडली. हा झाला दांडा. दांडा ज्यातून बाहेर जाणार ती नळी छत्रीच्या पोकळ दांडीची केली. नळीच्या दोन्ही टोकांना म्हसवडच्या तांबटाने पितळेची बुचे बसवली, बुचांच्या मधोमध तारेपुरते भोक ठेवले. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा तीन पाकळ्यांचा पंखा झाला. नळी नावेच्या तळातून तिरपी मागे काढली आणि भोवतीची फट राळ ओतून बुजवली. झाले. आता फक्त वंगण घालायचे राहिले, आणि तेच तर अर्जुनाच्या हातचे काम.

इथे अर्जुनाने जी चूक केली, ती आमच्याकडच्या कुणीही केली असती. आपल्याकडे फिरणारी कुठलीही वस्तू असो, बैलगाडीचे चाक असो, विहिरीचा रहाट असो, तिला गाडीचे वंगण घालायचे. एरंडेलात गवताची राख कालवायची आणि बोटाने दोन्हीकडे चोपडायची. चार वर्षे सरकारी वंगणात लोळलेला माणूस दोन महिन्यांत पुन्हा गाडीवान झाला. त्याने नळीच्या दोन्ही तोंडांशी ते काळे वंगण चोपडले आणि नाव मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत ठेवली. चावी दिली. कमान कण्हली. पंखा एवढ्या आळसाने फिरला, की त्याच्या पाकळ्या मोजता आल्या. नाव जागची हलली नाही. राख तारेला काचत होती.

अर्जुनाने सगळे धुऊन काढले आणि नुसते एरंडेल घातले. या वेळी पंखा असा गुणगुणला, की डोणीतले पाणी बाहेर उडाले. बिराप्पा ओरडले, "झालं! नाव झाली!" आणि त्यांनी परस्पर वस्तीभर दवंडी दिली, की रविवारी कप्तान तलावात नाव सोडणार. आष्ट्यालाही सांगावा गेला.

रविवारी तलावाच्या काठावर सगळी वस्ती जमली. धोंडुबाईने नावेला हळदकुंकू वाहिले, खोबऱ्याचा तुकडा आत ठेवला. अर्जुनाने चावी दिली आणि नाव सोडली. ती निघाली. कुणी ढकलली नाही, कुणी वल्हवली नाही, सरळ टोक पुढे करून निघाली. बायकांनी तोंडावर पदर घेतले. पाच हात, दहा हात, वीस हात. मग अर्जुनाला नावेच्या मागे पाण्यावर तेलाचा एक रंगीत पट्टा पसरलेला दिसला. एरंडेल नळीतून बाहेर येत होते. म्हणजे त्याच वाटेने पाणी आत जात असणार. तीस हातांवर नावेची शेपटी खाली बसली, टोक वर आले, आणि चालती नाव उभीच्या उभी तलावात गेली.

 अर्जुना कमरेइतक्या पाण्यापर्यंत धावला आणि थांबला. पुढे जायचे कसे तेच त्याला माहीत नव्हते. शेवटी आष्ट्याहून आलेल्या आकारामाने धोतराचा काचा मारला, सूर मारला आणि तिसऱ्या बुडीला नाव काखेत घेऊन वर आला. वस्तीतल्या लोकांना नाव बुडाल्यापेक्षा माणूस बुडून परत आला याचेच जास्त नवल वाटले.

बिराप्पांना मात्र पळवाट सापडली होती. ते पुढे झाले. "वैनी, माजं ऐका. नाव चालली का? चालली. पान्यात ग्येली का? ग्येली. पान्यात सोडल्यालं देवाला पोचतं. नवस फिटला. घाला वहाना."

चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तोड काही वाईट नव्हती. धोंडुबाईने ओल्या नावेकडे बघितले.

"भावजी, माजा ल्योक माघारी आलाय," ती म्हणाली. "बुडाल्याली नाव त्याची न्हवं."

आणि ती अनवाणीच घराकडे चालू लागली.

आकाराम दोन दिवस राहिला. दोघे नाव पुढ्यात घेऊन बसत. अर्जुना सांगे, "बोटीवर दांडा भाईर जातो तितं चरबीत भिजिवल्याला दोर ठासून भरत्यात. इंजिनात ताकद असती, ते फिरिवतं. आपली कमान केवढी! घट्ट घालावं तर फिरत न्हाई, पातळ घालावं तर ऱ्हात न्हाई." लोणी घालून झाले, ते पाण्यात धुतले गेले. करडईचे तेल झाले, एरंडेलाचीच गत. मेंढीची चरबी झाली. ती तलावाच्या गार पाण्यात दगड झाली आणि तार जागेवरच धरून बसली. आकाराम आष्ट्याला परत गेला. यात्रा दहा दिवसांवर आली. अर्जुना जेवेना. कुणी 'कप्तान' म्हटले, की त्याला कानफटात मारल्यासारखे होई.

एका सकाळी तो ओट्यावर नाव घेऊन बसला होता. धोंडुबाई वस्तीखालच्या झऱ्यावरून डोक्यावर घागर घेऊन आली. चिखलपाण्यातून आल्याने पाय पोटऱ्यांपर्यंत ओले. ती घागर उतरवायला समोर थांबली, आणि अर्जुनाची नजर नेहमीप्रमाणे तिच्या टाचांवर गेली. बाकी पाय ओलेचिंब होता. टाचेवर मात्र पाण्याचे मणी झाले होते. ती हलली तसे ते मणी घरंगळून खाली गेले आणि टाच कोरडी राहिली.

"आये, थांब. टाचंला काय लावलंस?"

"काय लावनार? लोकरीचा चिकटा. भेगांला बरा असतोय."

"ह्यो कुठनं आला?"

"आता हे बी सांगू? कच्ची लोकर मडक्यात उकळायची. वर पिवळी साय येती, ती निवली की काढून ठिवायची. तुजी आजी बी लावायची."

अर्जुनाने तिच्या टाचेला बोट लावले, नाकाशी नेले आणि तसाच बसून राहिला. त्या वासाने त्याला बसरा आठवला. बोटीवरचा गोरा मिस्त्री एक डबा कपाटात कुलूप लावून ठेवायचा. दांडा पाण्यात उतरतो त्या अगदी शेवटच्या टोकासाठी त्यातले चिमूटभर पिवळे वंगण तो मोजून द्यायचा. त्या वंगणाला वाघरातल्या, म्हणजे जाळीत कोंडलेल्या मेंढरांचा वास यायचा. अर्जुनाला वाटायचे, आपल्याला घरची आठवण येते म्हणून असा वास येतो. एकदा तर त्या बोगद्यात आडवा पडून तो त्या वासाने हमसाहमशी रडला होता. कुणाला सांगायची सोय नव्हती. आणि तो वास खरा होता. त्या डब्यात मेंढरेच होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने तर बसऱ्यापर्यंत वळसा घातला होता.

"आये! आगं आये!" म्हणत त्याने आईला उचलून गरकन फिरवले. घागर कलंडली. धोंडुबाई पाणी सांडले म्हणून त्याला शिव्या देत होती आणि हसत होती.

त्या दिवशी घरातले सगळ्यात मोठे मडके चुलीवर चढले. बिराप्पांनी गठ्ठाभर लोकर दिली, वासाने अर्धी वस्ती नाक धरून गोळा झाली. संध्याकाळपर्यंत वाटीभर पिवळा, चिवट चिकटा हाती आला. तो फार घट्ट वाटला, म्हणून अर्जुनाने त्यात एरंडेलाचे मोजके थेंब घोटून घातले. आता मात्र त्याच्या अंगातला गाडीवान गेला होता आणि तेलवाला परत आला होता. दोन टोकांना बोट फिरवून भागायचे नाही. नळीचे सगळे पोट भरले पाहिजे. वंगणानेच जागा व्यापली, की पाण्याला शिरायला जागाच उरत नाही. त्याने नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक पत्र्याचे नळकांडे तांबटाकडून झाळून जोडून घेतले. त्यातून अंगठ्याने चिकटा दाबत राहिला, दाबत राहिला, आणि अखेरीस पार मागे, पंख्याजवळच्या बुचाच्या भोकातून पिवळा ठिपका डोकावला.

"भरलं पोट," अर्जुना म्हणाला. त्याने तार दोन बोटांत धरून फिरवली. ती फिरली, आवाज न करता.

यात्रेच्या आदल्या दिवशी पुन्हा सगळे तलावावर. आकाराम या वेळी आल्या आल्या सदरा काढूनच उभा राहिला, बुडी मारावी लागणार हे गृहीत धरून. एकदा बुडालेली नाव एवढ्या लवकर परत बुडणार नाही, असे बिराप्पा सर्वांना सांगत होते, पण स्वतः काठापासून चार पावले मागे होते. अर्जुनाने या वेळी मागे सुकाणूचा पत्रा बसवून जरासा वाकवला, म्हणजे नाव वळसा घेऊन परत येईल. धोंडुबाई पाण्याच्या कडेला बसली, दोन्ही हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

नाव सुटली. तीस हातांवर, जिथे पहिल्या वेळी ती गेली होती, तिथे सगळ्या वस्तीने श्वास धरला. अर्जुना नावेकडे बघतच नव्हता. तो तिच्या मागच्या पाण्याकडे बघत होता. पाणी स्वच्छ होते. तेलाचा पट्टा नाही, बुडबुडा नाही. नाव चाळीस हातांवर गेली. तिथे दोन बगळे उभे होते, ते उडाले. मग तिने टोक वळवले. वाऱ्याने ती जरा कलली, पुन्हा सावरली, आणि काठाकडे तोंड करून येऊ लागली.

"आली! आली! माघारी आली!" पोरे, बाया, म्हातारे सगळे ओरडू लागले. कुणीतरी धरायला पाण्यात पाय घातला, तर धोंडुबाई मिटल्या डोळ्यांनीच गरजली, "हात लावू नगासा! आपली आपुन येऊ द्या!"

नाव आपली आपण आली, आणि चांगली जोरात आली. टोक चिखलात घुसले, शेपटी वर झाली आणि फिरत्या पंख्याने जे पाणी उडवले ते नेमके पुढे धावलेल्या बिराप्पांच्या तोंडावर. त्यांनी तोंड पुसायच्या आधीच "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली. मग गुलाल उधळला. आकाराम सदरा काढून बसलाच होता, तो उगीचच पाण्यात उडी मारून पोहत सुटला. अर्जुना काठावर बसून एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होता.

बिराप्पांनी घरून वहाणा आणवल्या. धोंडुबाईने देवाच्या दिशेने हात जोडून त्या पायांत घातल्या, मोठ्या दिमाखात दहा पावले चालली आणि काढून हातात घेतल्या.

"चावत्यात मेल्या," ती म्हणाली. "पाय इसरलं की रं वहान. घालीन हळूहळू. आता मला काय घाई?"

मग ती नावेजवळ बसली. म्हणाली, मला आतले दाखव. अर्जुनाने वरची फळी काढली. आत या वेळीही ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा होता तसा कोरडा होता. तिने बोट घालून तळ चाचपला. ओल नाही.

"ह्यात तुजं काम कंचं रं? चावी द्यायचं?"

वस्तीतले सगळे जवळ होते. आकाराम पाण्यातून निथळत येऊन उभा होता. अर्जुनाने एकदा त्याच्याकडे बघितले, मग आईकडे.

"न्हाई, आये. चावी द्यायला दुसरी मानसं हुती. हाकायला बी दुसरीच. म्या कप्तान न्हवतो. ह्यो दांडा हाय न्हवं, ह्याला वंगन घालायचो. चार वर्सं निस्तं वंगन."

धोंडुबाईने नळीला लावलेला चिकटा बोटावर घेतला आणि दोन बोटांत चोळून बघितला.

"म्हंजी पानी आत येऊ द्यायचं न्हाई, ह्ये तुजं काम."

"व्हय."

"नावंत मानसं किती असायची?"

"पंदरा-वीस. कवा कवा पलटन न्यायची असली तर दोनशे बी."

 धोंडुबाईने ते वंगणाचे बोट त्याच्या कपाळाला टिळ्यासारखे लावले.

"तेवढ्या समद्यांच्या आयांनी कुठं कुठं नवस बोलल्यालं असत्याल रं. त्ये समदं तुज्या हातनं फिटलं."

 आकारामाने तोंड फिरवून तलावाकडे केले. बिराप्पांनी पागोट्याचे टोक डोळ्यांना लावले.

"बसलास काय?" धोंडुबाई म्हणाली. "उद्या ही देवाची हुईल. आज माजी हाय. भर परत चावी. मगाशी समद्यांनी बगितली, म्या डोळं मिटून बसले हुते."

अर्जुनाने आधी अंगठ्याने नळीत थोडा चिकटा भरला, मागे ठिपका दिसेपर्यंत. मग चावी दिली आणि नाव आईच्या हातात ठेवली.